वायरलेस, मागच्या खोलीपर्यंत

सोमवार, ४ मार्च

दुकान बंद केल्याला आज महिना झाला. एक्केचाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. आता रेडिओ दुरुस्त करून घ्यायला कुणी येत नाही आणि माझ्या हातांना स्वस्थ बसवत नाही. म्हणून ही वही आणली.

मुलीने तिचा जुना लॅपटॉप मला दिला होता. तो एवढा रखडत चालायचा की सुरू करून आंघोळ उरकून यावं. कोपऱ्यावरचा कॉम्प्युटरवाला म्हणाला, "काका, भंगारात द्या." भंगार हा शब्द ऐकला की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. मुलगी म्हणाली, "बाबा, यात आपण विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली टाकू. ती खुली असते. कुणीही आतून उघडून बघावी, बिघडलं तर दुरुस्त करावी." आतून उघडून बघता येते म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो. काल तिने ती टाकून दिली. मशीन पळायला लागलं. वायरलेस मात्र गेलं.

म्हणजे तार लावली की इंटरनेट येतं, काढली की ठणठणाट. इंटरनेटची डबी पुढच्या दाराशी आहे आणि तार जेमतेम दोन हात. त्यामुळे मी बुटांच्या मांडणीशेजारी स्टुलावर बसतो, लॅपटॉप मांडीवर. येणारा-जाणारा विचारतो, "काय, पहारा का?" माझं कामाचं टेबल आहे मागच्या खोलीत. बिनतारी यंत्रांवर जन्म काढलेल्या माणसाला तारेने दाराशी बांधून ठेवलंय. हसावं की रडावं?

बुधवार, ६ मार्च

दोन दिवस डोकं फोडलं. टर्मिनल म्हणून एक काळी खिडकी आहे, तिच्यात आज्ञा लिहायच्या. एक अक्षर चुकलं तर ती फटकन तसं सांगते. मला हा स्वभाव आवडला. पण वायरलेस काही येत नाही. रेडिओ असता तर आवाजावरून सांगितलं असतं, कुठे झिजलंय ते. इथे आवाजच नाही.

मुलीला फोन केला. ती घाईत होती. ऑफिसच्या ट्रेनिंगला बाहेरगावी चालली आहे, या वर्षातलं हे चौथं ट्रेनिंग. एवढं काय शिकवतात कोण जाणे. आवाज थकलेला वाटला. म्हणाली, "बाबा, लिनक्सवाल्यांचा मराठी चर्चाकट्टा आहे, तिथे लिहा. कुणीतरी नक्की उत्तर देईल." फोन ठेवता ठेवता म्हणाली, "लिहाच. आजच लिहा."

शनिवार, ९ मार्च

लिहिलं. कट्ट्यावर नाव घ्यावं लागतं, मी 'रेडिओवाला' घेतलं. अडचण सविस्तर मांडली. वीस मिनिटांत उत्तर! उत्तर देणाऱ्याचं नाव 'अर्धवट'. काय एकेक नावं घेतात लोक.

"नमस्कार काका, घाबरू नका. आधी लॅपटॉपच्या पुढच्या कडेला बोट फिरवा. डावीकडे एक बारीक सरकतं बटण लागेल. ते उजवीकडे सरकवा आणि काय दिसतं ते सांगा."

मी वय लिहिलं नव्हतं. रेडिओवाला म्हटल्यावर काका असणारच, असा हिशेब केला असेल. बटण खरंच होतं! सहा वर्षं ते मशीन घरात आहे आणि मला त्याचा पत्ता नव्हता. सरकवल्यावर एक दिवा लागला, नारिंगी. वायरलेस आलं नाही, पण दिवा तर लागला. तसं कळवलं. तो म्हणाला, "दिवा लागला म्हणजे जीव आहे. उद्या पुढचं बघू."

दिवा लागला म्हणजे जीव आहे, हे मी दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचो. सगळे दुरुस्तीवाले एकच भाषा बोलतात.

बुधवार, १३ मार्च

अर्धवट रोज भेटतो. आता आम्ही सगळ्यांसमोर नाही, खासगी निरोपांतून बोलतो. माणूस हुशार, आणि धीर भलताच. मी तीच चूक तीनदा केली तरी "काही नाही काका, पुन्हा करू." मी एवढा धीर कधी कुणाला दाखवला नाही. चिरंजीवांना तर नाहीच.

चिरंजीवांचं नाव निघालंच आहे तर लिहून टाकतो, वही माझीच आहे. दहावीनंतर त्याला दुकानात बसवला. एक रेडिओ उघडायचा, निम्मा जोडायचा, की लागला दुसऱ्याच्या मागे. मी सगळ्यांदेखत त्याला 'अर्धवट' म्हणायचो. नंतर तो कॉम्प्युटर शिकायला निघून गेला. त्याची आई गेली त्यानंतर बोलणंही संपलं. चार वर्षं झाली. त्याचा नंबरसुद्धा मी फोनमधून काढून टाकला.

आणि आता ज्याने हेच नाव स्वतःहून घेतलंय तो माणूस हातातलं काम पुरं केल्याशिवाय उठत नाही. गंमत आहे.

रविवार, १७ मार्च

रोग सापडला. लॅपटॉपमध्ये वायरलेसचं एक छोटं कार्ड असतं. त्या कार्डाला सुरू व्हायला स्वतःचा एक छोटा प्रोग्राम लागतो, फर्मवेअर म्हणतात त्याला. कार्ड बनवणाऱ्यांनी तो खुला केलेला नाही, म्हणून लिनक्ससोबत आपोआप येत नाही. वेगळा आणून बसवायचा.

अर्धवट दोन दिवस गायब होता. मी विचारलं, बरं आहे ना? तो म्हणाला, "उपचार चालू आहेत काका. दवाखान्यात गेलो की दोन दिवस हात थरथरतात, लिहिता येत नाही." काय झालंय ते सांगेना. मी म्हटलं, घरी कोण आहे बघायला? म्हणाला, "बहीण येऊन-जाऊन असते." "आणि आईवडील?" तर म्हणाला, "आई नाही. वडील आहेत. त्यांना कळवलेलं नाही."

मी त्याला चांगला झापला. लिहिलं, असं बापापासून लपवतात का? तो म्हणाला, "काका, तुम्ही कधी कुणापासून काही लपवलं नाहीत?"

मी तार काढून ठेवली.

सोमवार, १८ मार्च

आज त्याला सगळं लिहिलं. पोटच्या मुलीलाही कधी सांगितलं नव्हतं.

लिहिलं, की माझी बायको आजारी पडली तेव्हा मी मुलाला कळवलं नाही. त्याची नवी नोकरी होती. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, ती बरी होईल. मी जन्मभर बिघडलेलं नीट करत आलो, हेही होईल असं धरून चाललो. ती शेवटचे आठ दिवस त्याचं नाव घेत होती आणि मी म्हणत होतो, जरा बरी हो, मग बोलावतो. तो आला तेव्हा सगळं उरकलं होतं. भरल्या घरात तो ओरडला, "तुम्ही माझी आई माझ्यापासून चोरलीत." मी म्हणालो, "या घरात परत पाऊल टाकू नकोस." तो खरं बोलला होता म्हणून मला राग आला होता.

पाठवल्यावर वाटलं, उगाच परक्या माणसावर ओझं टाकलं.

बुधवार, २० मार्च

दोन दिवसांनी उत्तर. एवढंच : "काका, हे तुमच्या मुलाला कधी सांगितलंत?"

मी लिहिलं, नाही. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तो म्हणाला, "त्याला हे कळलं तर तो रागावणार नाही."

तुम्हाला काय ठाऊक, म्हटलं. तो म्हणाला, "मीही मुलगाच आहे कुणाचा तरी." आणि म्हणाला, मला अहो-जाहो करू नका. मग मी म्हटलं, ठीक आहे, तू मला बापाच्या जागी मानत असशील तर माझं एक ऐक. तुझ्या वडिलांना फोन कर. उद्याच्या उद्या.

"उचलतील का ते?"

"न उचलायला काय झालं? बाप आहे ना तो?"

गुरुवार, २१ मार्च

फर्मवेअर बसवण्याचा दिवस. अर्धवटने कालच सगळ्या पायऱ्या क्रमाने लिहून दिल्या होत्या. अकराच्या सुमाराला एक हातभर लांब ओळ एकेक अक्षर बघून टर्मिनलमध्ये उतरवत होतो, तर फोन वाजला. अनोळखी नंबर. कापला. ओळ चुकली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, तर पुन्हा तोच नंबर. या वेळी उचलला. "कोण बोलतंय?" पलीकडे कुणी बोलेना, नुसता श्वास. हल्ली हे काहीबाही विकणारे आधी गप्प राहतात, मग पोपटासारखे सुरू होतात. मी म्हटलं, "अहो, आम्हाला काही नको! पुन्हा फोन करू नका," आणि ठेवून दिला.

पाऊण तासाने फर्मवेअर बसलं. दिवा निळा झाला! उड्या मारायचा बाकी राहिलो. तार काढली, लॅपटॉप उचलून मागच्या खोलीत निघालो. चार पावलं गेलो आणि गेलं. परत दाराशी आलो, आलं. पुढच्या खोलीपुरतं वायरलेस. म्हणजे बेडी काढली आणि खोलीला कुलूप घातलं. तरी पण.

शुक्रवार, २२ मार्च

अर्धवटला आनंदाची बातमी दिली. तोही खूश झाला. मग मी विचारलं, केलास का फोन?

"केला होता. दोनदा."

"मग?"

"दुसऱ्यांदा उचलला. मला एकदम बोलता आलं नाही. त्यांना वाटलं, दुसरंच कुणीतरी आहे. आवाज ऐकला, काका. आवाज अजून तसाच खणखणीत आहे."

माझं डोकंच फिरलं. लिहिलं, कसला बाप आहे तुझा! पोराचा श्वास ओळखू येत नाही? त्याला माझ्याकडे पाठव, मी बघतो.

तो म्हणाला, "चांगला आहे हो माझा बाप. हातात काम असलं की त्याला जग दिसत नाही, एवढंच. बहुतेक कामात होता."

पुन्हा कर म्हटलं. तो म्हणाला, "बघू. थोडा बरा झालो की प्रत्यक्षच जाईन."

दिवसभर त्या न पाहिलेल्या बापाचा राग येत राहिला.

मंगळवार, २६ मार्च

मुलगी आली होती. बारीक झाली आहे. मी तिला अर्धवटबद्दल सगळं सांगितलं, म्हटलं तुझ्यामुळे चांगला माणूस भेटला. ती ऐकता ऐकता उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. सर्दी झाली म्हणाली.

जाताना दारात म्हणाली, "बाबा, दादाची आठवण येते का तुम्हाला?" मी म्हटलं, "त्याला येते का विचार." ती म्हणाली, "येते." मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी तिला डबी दाखवली आणि सिग्नल भिंतीपाशी कसा मरतो ते समजावून सांगितलं.

शुक्रवार, २९ मार्च

कुरिअरने पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत कापसात गुंडाळलेलं वायरलेसचं कार्ड, काडेपेटीएवढं. अर्धवटने पाठवलं! त्याचं म्हणणं असं, की माझ्या मशीनचं मूळ कार्डच अशक्त आहे, हे दुसऱ्या जातीचं आहे, लिनक्सशी याचं चांगलं जमतं. मी म्हटलं, अरे, कुठून पैदा केलंस? "जवळ होतं. मला आता लागत नाही."

पत्ता मी त्याला दिल्याचं आठवत नाही. दिला असेन. हल्ली विसरायला होतं.

सोमवार, १ एप्रिल

सकाळी दुकानातली हत्यारं काढली. मागचं झाकण उघडलं, जुनं कार्ड काढलं. कार्डाला दोन केसाएवढ्या तारा येतात, एक काळी, एक पांढरी, टोकाला सोनेरी टिकली. त्या दाबून बसवायच्या. गंमत म्हणजे बिनतारीलाही आत तार लागतेच. हात थरथरला नाही. झाकण लावलं, सुरू केलं, आणि चालत सुटलो. पुढची खोली, स्वयंपाकघर, बोळ, मागची खोली. कुठेही तुटलं नाही! माझ्या टेबलावर, माझ्या खुर्चीत, खिडकीशी. बायकोचा फोटो समोर आहे. तिला मोठ्याने सांगितलं, "आलं बरं का."

अर्धवटला लगेच कळवलं. संध्याकाळपर्यंत उत्तर नव्हतं. मग एक ओळ आली :

"झालं ना? आता दारातून उठा, बाबा."

'काका' लिहायचं ते 'बाबा' झालंय. थकलेला असेल बिचारा. मी काही चूक दाखवली नाही. वाचायला बरं वाटलं.

शुक्रवार, ५ एप्रिल

अर्धवटचा पत्ता नाही. तीन निरोप टाकले. मुलगीही पुन्हा ट्रेनिंगला गेली, फोन उचलत नाही.

वायरलेस उत्तम. करायला मात्र काही उरलं नाही.

रविवार, १४ एप्रिल

लिहायला आठ दिवस लागले.

शनिवारी ६ तारखेला सकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, दादा गेला." मी विचारलं, कुठे गेला? खरंच असं विचारलं.

रक्ताचा आजार होता. दीड वर्ष. त्याच्या शहरापर्यंत सहा तासांची बस. बसमध्ये शेजारचा माणूस पूर्ण वेळ क्रिकेटबद्दल बोलत होता आणि मी हो हो म्हणत होतो. चेहरा बघायला मिळाला. दाढी वाढवली होती, डोक्यावर केस नव्हते. मी कपाळावर हात ठेवला. लहानपणी ताप आला की ठेवायचो तसाच ठेवला आणि वाट बघत राहिलो, कशाची ते माहीत नाही.

बाहेर आल्यावर मुलीवर ओरडलो. "मला का नाही सांगितलंस? मी काय परका होतो?"

ती म्हणाली, "त्याने शपथ घातली होती. म्हणायचा, बरा झालो की मीच बाबांकडे जाईन."



सोमवार, १५ एप्रिल

त्याच्या खोलीबद्दल लिहायचं राहिलं.

एकाच खोलीत राहायचा. स्वच्छ. पुस्तकांना कव्हरं घातलेली, हत्यारं लांबीप्रमाणे ओळीत लावलेली, माझ्या दुकानात असायची तशी. मी समजत होतो, त्या ओळीकडे त्याने कधी पाहिलंच नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही बाहेर बसा, मी आवरते." पण मी आत गेलो.

टेबलावर एक जुना लॅपटॉप होता. हुबेहूब माझ्यासारखा, तेच मॉडेल. पालथा ठेवलेला, मागचं झाकण उघडं. आत वायरलेसचं कार्ड नव्हतं. दोन तारा मोकळ्या पडल्या होत्या, एक काळी, एक पांढरी.

मुलगी दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "बघ, त्यालाही हाच त्रास होता वाटतं. मी त्याला विचारलं असतं तर? दोघांनी मिळून केलं असतं."

ती म्हणाली, "बाबा..." येऊन मला धरलं आणि लहान मुलीसारखी हमसून रडली. मीही रडलो. मग ती म्हणाली, "हा लॅपटॉप मी ठेवते." म्हटलं, ठेव.

सोमवार, २२ एप्रिल

मुलगी सध्या माझ्याकडेच आहे. सकाळी चहा झाल्यावर मी मागच्या खोलीत बसलो आणि अर्धवटला निरोप लिहिला. इथे उतरवून ठेवतो :

"बाळ, तीन आठवडे तुझी खबर नाही. तब्येत कशी आहे? माझ्यावर फार वाईट प्रसंग आला. माझा मुलगा गेला. तो आजारी होता आणि मला माहीत नव्हतं. तुझ्याशी जेवढं बोललो तेवढं मी त्याच्याशी कधी बोललो नाही. त्याच्या आईबद्दल तुला लिहिलं ते त्याला सांगायचं राहून गेलं. तू म्हणाला होतास, कळलं तर तो रागावणार नाही. रोज त्या एका वाक्यावर दिवस काढतो. तू ते मनापासून लिहिलं होतंस ना?

तू तसं करू नकोस. बरं होण्याची वाट बघू नकोस. वडिलांना पुन्हा फोन कर आणि या वेळी आधी बोल. नुसतं बाबा म्हण. पुढचं ते बघतील. आणि त्यांनी नाहीच उचलला तर मला कर. खाली माझा नंबर देतो. कुठल्याही वेळी कर. मी उचलेन."

मुलगी मागे उभी राहून वाचत होती हे मला कळलं नाही. मी विचारलं, "शुद्धलेखन ठीक आहे ना?" तिने मान हलवली. म्हणाली, "पाठवा, बाबा."

पाठवला. लगेच गेला. फोन टेबलावर ठेवलाय आणि आवाज मोठा केलाय.